पाइनहर्स्टला निघण्यापूर्वी

गोल्फच्या साध्या फेरीत पंच नसतो. चेंडू गवतात अडकला, क्लब टेकवताना तसूभर हलला, तर ते पाहणारं बहुतेक वेळा दुसरं कुणी नसतं. ज्याचा चेंडू त्यानेच सांगायचं आणि आपल्याच नावावर दंडाचा फटका मांडायचा. १९२५ च्या यू.एस. ओपन स्पर्धेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मैदानावर, बॉबी जोन्सने हेच केलं. चेंडू हलल्याचं फक्त त्याला कळलं होतं. त्याने तो फटका आपल्या नावावर धरायला लावला. अखेर विली मॅकफर्लेनशी त्याची बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत जोन्स हरला. तो एक फटका धरला नसता, तर बरोबरी झालीच नसती.

मी हा खेळ उशिरा शिकले आणि माझा जीव जडला तो या नियमावर. आरोपी आपण, साक्षीदार आपण, न्यायाधीशही आपणच. आणि तरी निकाल खरा लागला पाहिजे. आता याच खेळाच्या एका मोठ्या ठिकाणी जायचं मनात आहे. तेव्हा जाण्याचा बेतही त्याच नियमाने तपासून घ्यावा असं वाटतं.

ठिकाण आहे पाइनहर्स्ट, नॉर्थ कॅरोलायना. मी राहते त्या कॅरी गावापासून गाडीने तास-सव्वा तासाचा रस्ता. संगणकाच्या नोकऱ्यांमुळे या भागात मराठी घरं वाढली, गणपती आणि दिवाळी दणक्यात होऊ लागली, आणि पन्नाशी ओलांडलेल्या आमच्यापैकी काहींच्या गाडीत गोल्फची बॅग दिसू लागली. पाइनहर्स्टचं नाव आमच्यात अधूनमधून निघतंच. तिथल्या ‘क्रमांक दोन’ या मैदानावर १९९९, २००५, २०१४ आणि २०२४ मध्ये पुरुषांची यू.एस. ओपन झाली, पुढची २०२९ मध्ये व्हायची आहे. ऑगस्टाच्या प्रसिद्ध मैदानासारखं ते फक्त सभासदांसाठी राखलेलं नाही. रिसॉर्टमध्ये मुक्काम करायचा, आधी वेळ ठरवायची, पैसे भरायचे, की आपल्यासारख्या सामान्य खेळाडूलाही त्या मैदानावर पाऊल ठेवता येतं. शरद ऋतूत, उन्हाचा ताव उतरला की नवऱ्यासोबत जायचं, असं ठरतं आहे. दोघांच्या मुक्कामाचा, खेळाचा, जेवणखाणाचा हिशेब काही हजार डॉलरांवर जातो. नवरा म्हणतो, “इतकी वर्षं राबलो, एकदा स्वतःसाठी खर्च केला तर काय बिघडलं?” काही बिघडत नाही. पण ‘काही बिघडत नाही’ हे उत्तर फार लवकर आलं, म्हणून मी थांबले.

पहिला प्रश्न मी स्वतःला विचारला तो हौसेचा. मला मैदान हवं आहे की मैदानाचं नाव? याची कसोटी अवघड नाही. क्रमांक दोन घडवणारा डोनाल्ड रॉस स्कॉटलंडमधल्या डॉर्नोकचा. तो १९०० साली पाइनहर्स्टला आला, १९०७ मध्ये हे मैदान खुलं झालं आणि १९४८ मध्ये मरेपर्यंत तो त्यावर हात फिरवत राहिला. पण त्याच परिसरात, त्याच वाळूवर, त्याच रॉसची आणखीही मैदानं आहेत: सदर्न पाइन्स, मिड पाइन्स, पाइन नीडल्स. तिथं खर्च बराच कमी. रॉसची कारागिरीच पाहायची असेल तर तिथंही ती दिसते. मग माझं मन क्रमांक दोनपाशीच का अडतं?

थोडं उत्तर प्रामाणिक आहे आणि ते मला आवडतं. जून २०१४ मध्ये पुरुषांची यू.एस. ओपन संपली आणि लगेच पुढच्या आठवड्यात त्याच मैदानावर स्त्रियांची झाली. तीच वाळू, भोकाभोवतीची तीच ग्रीन. पहिल्या आठवड्यात मार्टिन कायमर जिंकला, दुसऱ्या आठवड्यात मिशेल वी. घरात मुलगा खेळायला गेला की मुलीने ताटं घ्यायची, अशा वळणात वाढलेल्या मला तो दुसरा आठवडा महत्त्वाचा वाटतो. त्या मैदानावर चालावं असं त्यासाठी खरंच वाटतं.

उरलेलं उत्तर मात्र नावाचंच आहे. मी मनाला विचारलं, परत आल्यावर कुणालाही सांगायचं नाही, मराठी मंडळाच्या ग्रुपवर एकही फोटो टाकायचा नाही, तरी जाशील? मन म्हणालं, जाईन. पण ‘जाईन’ म्हणताना त्याचा उत्साह थोडा उतरला. जेवढा उतरला तेवढी माझी इच्छा दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी होती. ती तिथं आहे हे मान्य केलं की तिच्याशी बोलता येतं. नाही म्हटलं की तीच बेत ठरवू लागते.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो माझ्या जन्मगावातून येतो. मी लातूर जिल्ह्यातली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला पाणी घेऊन आली; पहिल्या फेरीत ५ लाख लिटर, पुढे एकेका फेरीत २५ लाख. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. माझी आई तेव्हा तिथं होती. फोनवर ती बाकी कशाविषयीच बोलत नसे. टँकर आला का, किती घागरी मिळाल्या, एवढंच. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. खेळपट्ट्यांसाठी लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न न्यायालयासमोर होता. त्या निकालाने दुष्काळ हटणार नव्हता, असं तेव्हा अनेक जण म्हणाले आणि ते खरंही होतं. तरी लोक घोटभर पाण्यासाठी उभे असताना हिरवळीवर फवारे उडू नयेत, हे न्यायालयाला म्हणावंसं वाटलं. मलाही ते पटलं होतं. मग गोल्फच्या हिरवळीकडे मी कोणत्या डोळ्यांनी पाहते?

पाइनहर्स्टपुरतं याचं उत्तर अनपेक्षित निघालं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रमांक दोनवर कडेपर्यंत बर्मुडा गवत पसरलं होतं, पाण्याच्या फवाऱ्यांवर पोसलेलं. २०१० आणि २०११ मध्ये बिल कूर आणि बेन क्रेन्शॉ या जोडीने ते मैदान रॉसच्या काळाकडे परत नेलं. ३५-४० एकरांवरचं गवत काढून टाकलं, मूळची वाळू उघडी केली, तिथं मूळचंच तारेसारखं ताठ वायरग्रास लावलं. फवाऱ्यांची तोंडं सुमारे ११५० वरून ४५० वर आली. पाण्याचा वापर निम्म्याहून पुष्कळ खाली गेला. कडेचं गवत उन्हात पिवळं पडतं, वाळू दिसते, आणि याच रूपात २०१४ आणि २०२४ च्या स्पर्धा झाल्या. ज्या जमिनीत जे उगवतं तेवढ्यावर भागवायचं, हा शहाणपणा कोरडवाहू शेतकऱ्याला नवा नाही. जगातल्या एका नामवंत मैदानाने तो मान्य केला, याचा मला मनापासून आनंद आहे.

तरीही हा आनंद तपासून घ्यावा लागतो. ही माहिती मी शोधली ती जायची इच्छा झाल्यावर. मला हवं ते उत्तर मिळाल्याबरोबर शोध थांबवला असता, तर ती चौकशी ठरली नसती, मनाची समजूत ठरली असती. म्हणून पुढे वाचत गेले. पाण्याचा खरा प्रश्न तिथं पुढे होता.

तिथवर मला आईच्या एका साध्या बोलण्याने नेलं. बेत सांगितल्यावर तिने विचारलं, “खेळणार तू, मग पिशवी दुसऱ्यानं का उचलायची गं?” मी म्हटलं, “आई, तिथं तशी पद्धतच आहे, त्याला कॅडी म्हणतात, त्याचे पैसे देतात.” ती म्हणाली, “पैसे तर देशील. मी ते नाही विचारलं.”

कॅडीचं काम मी २०२४ च्या स्पर्धेआधी, सरावाच्या दिवशी, प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोराच्या अलीकडून नीट पाहिलं. क्रमांक दोनच्या ग्रीन पालथ्या परातीसारख्या. मधोमध पडलेला चेंडूही थांबतोय असं वाटत असतानाच कडेकडे सरकतो आणि खाली उतरून जातो. एका खेळाडूचा चेंडू तसाच उतरून बंकरमध्ये गेला. त्याने तो बाहेर काढला आणि ग्रीनकडे चालू लागला. कॅडीने बॅग कडेला ठेवली, दाताळं घेतलं आणि वाळूत उतरून मागे मागे येत खेळाडूच्या पावलांच्या खुणा पुसल्या, मग स्वतःच्याही पुसल्या. बाहेर आला तेव्हा तिथं कुणी उतरलं होतं असं वाटेना. मग पुन्हा बॅग खांद्यावर, चेंडू पुसून हातात दिला, झेंडा काढून धरला, वाकून उताराचा अंदाज सांगितला. सगळं बिनबोभाट. रिसॉर्टवर तर कितीदा एकच कॅडी दोन खांद्यांवर दोन बॅगा घेऊन आठ-नऊ किलोमीटर चालतो.

या कामाला पाइनहर्स्टमध्ये मोठा इतिहास आहे. बोस्टनचा कारखानदार जेम्स वॉकर टफ्ट्सने १८९५ मध्ये ही जमीन एकरी डॉलरभर अशा मातीमोल भावाने घेतली, कारण तिथलं लांब पानांच्या पाइनचं जंगल आधीच लुटून झालं होतं. टर्पेंटाइन आणि डांबरासाठी ती झाडं चिरण्याचं काम यादवी युद्धाआधी या राज्यात गुलाम माणसांकडून करवून घेतलं जाई. पुढे रिसॉर्ट उभा राहिला तेव्हा स्वयंपाकघरात, खोल्यांत, मैदानावर राबायला कृष्णवर्णीय माणसं आली. ती गावात राहू शकत नव्हती. शेजारी टेलरटाउन ही त्यांची वस्ती झाली. बॅगा वाहणारे कितीतरी तिथलेच. विली मॅक्रे यांनी १९४३ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, पहिली बॅग उचलली; १९५१ च्या रायडर कपमध्येही ते कॅडी होते; सत्तरहून जास्त वर्षं हे काम करून २०१८ मध्ये ते वारले. त्या मैदानाचा प्रत्येक उतार ज्यांना ठाऊक, त्यांना तरुणपणी त्याच मैदानावर पाहुणा म्हणून खेळता येत नव्हतं. व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेतच ‘फक्त गोरे’ असं कलम होतं. ते निघालं १९६१ मध्ये.

आणि मग पाणी. पाइनहर्स्टच्या हद्दीला लागून जॅक्सन हॅम्लेटसारख्या जुन्या कृष्णवर्णीय वस्त्या आहेत. गावाने हद्द वाढवताना त्या वगळल्या गेल्या. २००५ मध्ये यू.एस. ओपनसाठी जगभरचे पत्रकार तिथं आले, तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी हे छापलं: इकडे ग्रीनवर पाणी शिंपलं जातंय आणि हाकेच्या अंतरावरच्या घरांना सांडपाण्याची वाहिनी नाही. वकील आणि रहिवासी झगडले, नंतरच्या वर्षांत काही वस्त्यांपर्यंत वाहिन्या आल्या. पण तोवर कित्येक पिढ्या गेल्या.

हे वाचताना मला परका देश आठवला नाही, माझं गाव आठवलं. गावकूस म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. गावातली कामं करायला माणसं हवीत, पण त्यांची घरं कुसाबाहेर. त्यांनी आणलेलं लाकूड चालतं, त्यांचा पाणवठ्याला हात लागलेला चालत नाही. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तो याच रचनेविरुद्ध. मी त्या कुसाच्या आत जन्मले. आमच्या आडावर कोण येत असे आणि कोण येत नसे, हे मला लहानपणी दिसत होतं; त्याचा अर्थ कळायला फार वर्षं लागली. पाइनहर्स्टची वेस मला ओळखू येते, कारण मी तशीच एक वेस आतून पाहिलेली आहे.

तिथं जाणारी माझ्यासारखी भारतीय बाई कुठल्या वाटेने आली, हेही मी विसरता कामा नये. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं आशियातल्या माणसांना उघडली, ती नागरी हक्कांच्या लढ्याने वातावरण बदललं तेव्हा. ज्यांचे पूर्वज त्या बॅगा वाहत होते, त्यांच्या लढ्याने उघडलेल्या दारातून आम्ही आत आलो, नोकऱ्या मिळवल्या आणि आता त्या मैदानावर पाहुणे म्हणून जातो. आमच्या दिवाणखान्यांतल्या गप्पांत हे ऋण क्वचितच निघतं. ‘आपण आपल्या हुशारीवर वर आलो’ हे वाक्य मात्र वारंवार निघतं. हुशारी खरी आहे. पण दाराला कडी असती तर ती बाहेरच राहिली असती.

इथं दोन सोप्या वाटा समोर येतात. पहिली, जाऊच नये. न गेल्याने कुणाच्या घरी नळ येत नाही आणि कॅडीची त्या दिवसाची कमाई मात्र बुडते. मला स्वच्छ वाटेल एवढाच त्याचा उपयोग, आणि स्वतःला स्वच्छ वाटावं म्हणून केलेल्या त्यागाला मी फार किंमत देत नाही. दुसरी वाट, जेवढा खर्च होईल तेवढं दान करायचं आणि निर्धास्त जायचं. लातूरकडे पाण्याच्या कामाला पैसे पाठवावेत, जरूर पाठवावेत. ते सहलीशी बांधले की देणगी उरत नाही, तिकीट होतं. गेले नसते तर पाठवले नसते का? तेव्हाही पाठवायचे असतील, तर दोन्ही खाती वेगळी ठेवणंच बरं.

म्हणून मी जायचं ठरवलं आहे, पण थोडं वेगळ्या तऱ्हेने. क्रमांक दोनवर एकच फेरी. बाकीचा खेळ मिड पाइन्सला, कारण रॉसवरचं माझं प्रेम खरं असेल तर ते तिथंही टिकलं पाहिजे. सर्वांत पुढच्या, म्हणजे भोकाला जवळच्या, टीवरून खेळायचं, माझ्या कुवतीला तेच शोभतं आणि मागच्यांचा खोळंबाही होत नाही. प्रत्येक फटका मोजायचा, कुणी पाहत नसलं तरी. फोटो काढले तरी ग्रुपवर टाकायचे नाहीत. गावातल्या ग्रंथालयात टफ्ट्स संग्रह आहे, पाइनहर्स्टची जुनी कागदपत्रं आणि छायाचित्रं तिथं जपली आहेत; एक सकाळ त्यासाठी राखली आहे. जॅक्सन हॅम्लेट किंवा टेलरटाउन ‘बघायला’ मात्र जाणार नाही. माणसांच्या घरांचं प्रदर्शन करायला मला कुणी बोलावलेलं नाही.

कॅडी घेणार आहे. आईचा प्रश्न मला अजून पुरता सुटलेला नाही, पण एवढं कळलं आहे की तो बॅगेच्या वजनाचा नव्हता. आपलं ओझं वाहणाऱ्या माणसाला आपण काय समजतो, हे तिला विचारायचं होतं. माझी बॅग हलकी करीन, लागतील तेवढेच क्लब नेईन. त्याचं नाव आधी विचारीन आणि त्याच नावाने बोलेन. फीवर द्यायची बक्षिसी निघण्यापूर्वीच ठरवीन आणि रोख देईन. माझा खेळ बिघडला म्हणून ती कमी व्हायची नाही, कारण माझ्या चुकलेल्या फटक्यांमागेही त्याचे पाय तेवढेच दुखतात. त्याने ग्रीनचा उतार सांगितला तर ऐकेन. त्या मैदानाचं ज्ञान त्याच्याकडे आहे, माझ्याकडे फक्त आरक्षण आहे.

आणि एक काम पाइनहर्स्टच्या बाहेरचं आहे. मी इथली नागरिक आहे, मतदार आहे. गावाची हद्द कुठे वाढते, पाण्याची आणि सांडपाण्याची वाहिनी कोणत्या रस्त्यावर थांबते, याचे निर्णय नगर परिषदांच्या खुल्या बैठकांत होतात. कॅरीच्या आसपासही जुन्या वस्त्या आहेत आणि दरवर्षी नव्या वसाहती उभ्या राहत आहेत. आमच्या बाजूच्या अशा बैठकांना मी आजवर गेलेली नाही. रस्त्यावरची रहदारी आणि शाळांचे झोन सोडले तर आमच्या लोकांपैकी फारसं कुणी जात नाही. पुढच्या बैठकीची तारीखही गोल्फच्या तारखेसोबत दिनदर्शिकेत लिहिली आहे. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर कोणती सोडायची, हेही ठरवून ठेवलं आहे: गोल्फची.

बॉबी जोन्सने आपल्या चेंडूबद्दल खरं सांगितलं आणि गोल्फ आजही त्याचा अभिमान बाळगतो. तो रास्त आहे. पण ज्या काळात हा खेळ एका फटक्याच्या सचोटीची गोष्ट सांगत होता, त्याच काळात तो कुणाला आत घ्यायचं आणि कुणाकडून फक्त ओझं वाहून घ्यायचं, याबद्दल गप्प होता. त्याचा प्रामाणिकपणा चेंडूपाशी येऊन थांबला. मला हा खेळ मनापासून आवडतो. म्हणूनच त्याच्या त्या चांगल्या नियमाने मी स्वतःला मोजणार आहे, चेंडूच्या पलीकडे, वेशीपर्यंत आणि वेशीच्या बाहेरही.